पहिल्याच पानावर कथा अडते. परिपूर्णतेचा आग्रह सोडायचा म्हणजे नेमके काय सोडायचे?

अंगणवाडीताई, दारव्हा तालुका

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील एका लहान गावात राहते, अंगणवाडीत काम करते आणि घरची कामे आटोपल्यावर रात्री कथा लिहायला बसते. सुचत नाही ही माझी अडचण नाही. सुचते पुष्कळ; पण पहिले पान मनासारखे उतरल्याशिवाय दुसऱ्या पानाकडे जाणे मला जमत नाही, आणि पहिले पान मनासारखे कधी होतच नाही. वहीचे पान फाडायचे, पुन्हा पहिल्यापासून लिहायचे, वाचून पाहायचे आणि तेही फाडायचे, असे चालते. पूर्वी एक छोटी कथा पूर्ण केली होती. त्यानंतर केवळ सुरुवातीच साठल्या आहेत.

सध्याच्या कथेवरून सांगते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे मुली भुलाबाई, म्हणजे पार्वतीची मातीची मूर्ती, मांडून तिच्यापुढे गाणी म्हणतात. आमच्या गावात प्रत्येक मुलगी आपल्या घरची खिरापत डब्यात झाकून आणते. गाणी झाली की डबा हलवून वाजवते आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचे असते. माझ्या कथेत धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण झालेली दोन घरे आहेत. दोन्ही घरांतले पुरुष कोर्टाच्या तारखेच्या दिवशी एकाच एसटीने तालुक्याला जातात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. बायकांनी एकमेकींच्या अंगणात पाऊल ठेवणे सोडले आहे. मुली मात्र एकाच भुलाबाईपुढे टिपऱ्या घेऊन बसतात. एका संध्याकाळी यांतल्या एका घरची मुलगी खिरापतीचा डबा घेऊन दुसऱ्या घरी येते आणि तिथून कथा सुरू होते.

पहिले वाक्य मी असे लिहिले: ‘खिरापतीच्या डब्यात काय आहे ते त्या संध्याकाळी कुणालाच ओळखता आले नाही.’ ते बातमीसारखे वाटले म्हणून दुसरे लिहिले: ‘डबा हलवला तरी त्यातून आवाज आला नाही, आणि मुली गप्प झाल्या.’ हे फार तुटक वाटले, म्हणून तिसरे: ‘डबा हलवून पाहिला तरी त्यातून कसलाच आवाज आला नाही, आणि सगळ्या मुली एकदम शांत झाल्या.’ त्यानंतर ‘एकदम’ हवे की नको, ‘कसलाच’ बरे की ‘काहीच’ बरे, यात कित्येक रात्री गेल्या. कथा अजून त्या डब्यापाशीच उभी आहे.

भाषेची भीती याहून वेगळी आहे. माझ्या कथेतल्या बायका वऱ्हाडीत बोलतात. ‘तिले कोनं बलावलं वं इथं?’ हे वाक्य मी कानांनी ऐकले तसे लिहिले, मग ते कथेत शोभणार नाही असे वाटून ‘तिला इथे कुणी बोलावले?’ असे केले, आणि तसे करताच ते बोलणारी बाई माझ्या ओळखीची राहिली नाही. मागे जी एक कथा पूर्ण केली होती ती एका स्पर्धेतून ‘भाषा अशुद्ध’ एवढ्याच शेऱ्यासह परत आली. तेव्हापासून प्रत्येक ओळ लिहिताना तो शेरा लिहिणारा माणूस माझ्या शेजारी बसलेला असतो.

वाचणाऱ्याच्या हाती अर्धेकच्चे देऊ नये असे मला मनापासून वाटते आणि ते वाटणे गैर आहे असे मी मानत नाही. मग हा आग्रह सोडायचा म्हणजे नेमके काय सोडायचे? ज्यांनी लिहून पूर्ण केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त मराठी शिक्षक, अमरावती जिल्हा

ताई, माझ्या मते आग्रहाची वेळ तेवढी बदलायची आहे. आग्रह तुमचाच आहे आणि तो तुमच्यापाशीच राहू द्या. लिहिणे आणि लिहिलेले तपासणे ही दोन कामे एकाच बैठकीत करू लागलो की तपासणारा नेहमी वरचढ ठरतो, कारण त्याच्यापुढे कागदावरचे वाक्य असते आणि लिहिणाऱ्यापुढे अजून काहीच नसते. एका पानावरून कथेचा न्याय करता येत नाही. ते पान कथेला पुरेसे आहे की नाही, हे ठरवायला कथा तर असायला हवी.

या विषयावर शिकवण्याच्या निमित्ताने थोडे वाचन झाले आहे, त्यातले एक तुमच्या उपयोगी पडेल. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात लेखन शिकवणाऱ्या माइक रोझ यांनी १९८० साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी १० विद्यार्थ्यांशी बोलून पाहिले. त्यांतले ५ लिहिताना अडणारे होते आणि ५ न अडणारे. अडणारे विद्यार्थी काही कमी कुवतीचे नव्हते. फरक एवढाच होता की त्यांनी कधीतरी ऐकलेले लेखनाचे नियम अटळ मानले होते: एकीला वाटे की प्रत्येक वाक्य पहिल्याच खेपेला व्याकरणशुद्ध उतरले पाहिजे, तर दुसरीला वाटे की वाचकाला सुरुवातीलाच पकडले नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही. न अडणाऱ्यांकडेही नियम होते, पण ते उपयोगी पडेनासे झाले की ती मुले बाजूला ठेवत. ‘पहिले पान जमल्याशिवाय दुसरे नाही’ हा तुमचा नियमही कुणीतरी दिलेलाच असणार. आम्ही शिक्षकच निबंध तपासताना सुरुवात आकर्षक असावी म्हणून गुण देतो आणि मुले ते जन्मभर लक्षात ठेवतात.

दुसरे, त्या शेजारी बसलेल्या माणसाविषयी. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली परिपूर्णतेच्या आग्रहाचे तीन प्रकार वेगळे केले. माणूस स्वतःकडून निर्दोषपणा मागतो तो एक, इतरांकडून मागतो तो दुसरा, आणि इतर लोक आपल्याकडून तो मागत आहेत असे त्याला वाटत राहते तो तिसरा. तुमच्या पत्रात पहिला आणि तिसरा हे दोन्ही गुंतलेले दिसतात. पहिल्यामुळे तुम्ही ‘बातमीसारखे वाटले’ असे म्हणून वाक्य बदललेत, ते योग्यच केलेत. ‘तिले कोनं बलावलं’ हे खोडले ते तिसऱ्यामुळे. खोडताना एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा, की हे मला खटकले म्हणून खोडते आहे की त्या माणसाला खटकेल म्हणून.

आणि पाने फाडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आमच्या जिल्ह्यातले रिद्धपूर तुम्हांला ठाऊक असेल. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी तिथे एकत्र केल्या. ज्यांनी स्वामींना पाहिले होते, ऐकले होते, त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून केल्या. तेच लीळाचरित्र, मराठी गद्याचा आद्य मोठा ग्रंथ. पुढे मूळ प्रत हरवली आणि परंपरेतल्या लोकांनी आपापल्या स्मरणातून ते पुन्हा उभे केले, म्हणून आज त्याचे अनेक पाठ मिळतात आणि एकाच प्रसंगाची वेगळी कथने शेजारी शेजारी नोंदलेली आढळतात. त्या मंडळींनी एकच निर्दोष पाठ हाती लागेपर्यंत लेखणी खाली ठेवली असती तर आपल्या हाती काहीच आले नसते. तुम्हीही तसेच करावे. पहिले वाक्य लिहा, त्याखाली दुसरे लिहा, त्याखाली तिसरे, तिन्ही राहू द्या आणि चौथ्या ओळीपासून मुलगी डबा घेऊन पुढे काय करते ते लिहू लागा. निवड करण्याचे काम शेवटच्या पानानंतरचे आहे.

झाडीपट्टीचा नाटकवाला, वडसा

ताई, मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा भागात राहतो आणि झाडीपट्टीतील मंडळ्यांसाठी नाटके लिहितो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत दिवाळी आटोपली की नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. गावोगावी शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, मंडई म्हणजे गावची जत्रा, आणि त्या रात्री नाटक. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत प्रयोग चालतो. मंडळीला दरवर्षी नवे नाटक लागते. तालमी दिवाळीच्या आधी सुरू होतात, त्यामुळे संहिता त्यापूर्वी हाती पडली नाही तर नटांचे पाठांतर, गाण्यांच्या चाली, पडदे, गावांशी ठरलेल्या तारखा असे सगळेच अडून बसते. अशा ठिकाणी लेखकाला पहिले पान घासत बसण्याची सोय नसते. मी याला गैरसोय मानत नाही. तारखेने माझ्याकडून जितके लिहून घेतले तितके माझ्या इच्छाशक्तीने कधी घेतले नसते.

परंतु तारखेपेक्षाही प्रयोगाने मला जे शिकवले ते सांगण्यासाठी लिहितो आहे. एका नाटकात मुलगा घर सोडून निघतो आणि आई त्याला अडवते असा प्रवेश होता. आईला मी जवळजवळ पानभर भाषण दिले होते आणि त्यातला शब्द न् शब्द मला प्रिय होता. हंगामाच्या सुरुवातीच्या प्रयोगांत त्या भाषणाच्या मध्यावर मागच्या बाजूची माणसे उठून चहाच्या दुकानाकडे जाऊ लागत. मला वाटे की आईचे काम करणाऱ्या बाईंचे पाठांतर कच्चे आहे. पुढे एका गावी बाईंचा घसा पार बसला. प्रॉम्प्टर खालून ओळी देत होता, पण त्यांनी पहिल्या दोन ओळी कशाबशा म्हटल्या, मग खाली बसून मुलाच्या पिशवीतले कपडे एकेक करून बाहेर काढले, त्यांची नीट घडी घातली आणि पुन्हा पिशवीत ठेवले. चहाला निघालेले लोक उभ्या उभ्या थांबले. दुसऱ्या दिवशी मी वहीतले ते पान काढून टाकले आणि दोन ओळी तेवढ्या ठेवल्या.

ते भाषण मी घरी बसून आणखी वर्षभर सुधारले असते तर ते अधिक चांगले भाषण झाले असते. तिथे भाषणच नको आहे हे मात्र वहीपुढे बसून मला कळले नसते. त्यासाठी ते माणसांपुढे जावे लागले. आमच्याकडे दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्ये करणारे जुने कलावंत हे फार सहजपणे जाणत. त्यांचे बोलणे समोरच्या गावाप्रमाणे त्या त्या रात्री घडत जाई.

कथेला प्रयोग नसतो आणि वाचकाच्या हाती ती एकदाच जाते, हे मला मान्य आहे. म्हणूनच ती छापायला देण्याआधी कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावी. लिहिणाऱ्या माणसाला शक्यतो दाखवू नये, कारण तो वाक्ये तपासतो. जिने लहानपणी भुलाबाई खेळली आहे अशा एखाद्या मावशीला किंवा जावेला दाखवावी आणि ‘कशी वाटली?’ असे विचारू नये. आपली माणसे ‘छान आहे’ म्हणतात आणि विषय संपतो. मधेच थांबून ‘आता पुढे काय होईल असे वाटते?’ असे विचारावे. ती चुकीचे उत्तर देईल, बरोबर देईल किंवा तिला काहीच वाटत नसेल, या तिन्हींतून तुम्हांला पान कुठे ढिले आहे ते समजेल. पण त्यासाठी आधी कथेला शेवट हवा, मग तो कसाही असो.

पैनगंगेकाठचा कवी, मेहकर तालुका

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, तरी मी त्यांच्याशी निम्माच सहमत आहे. ‘आधी पूर्ण लिहा, मग सुधारा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि अनेकांना तो मानवतोही. मला तो मानवत नाही. मागचे वाक्य कानाला नीट लागल्याशिवाय पुढचे वाक्य मला दिसतच नाही, आणि मला वाटते ताई, तुमचीही घडण तशीच असावी. अशा माणसाला ‘कच्चेच लिही’ म्हटले की तो आणखी अडतो, वर आपल्याला लिहिण्याची रीतही साधत नाही असे वाटून खचतो. तेव्हा तुम्ही सावकाश लिहा, वाक्यागणिक थांबा. कोणता बदल कामाचा आणि कोणता बिनकामाचा, एवढे ओळखता आले म्हणजे पुरे.

तुमचीच तीन वाक्ये घेऊ या. पहिल्या वाक्यात कुणीतरी बाहेरचा माणूस नंतर कधीतरी सांगतो आहे की कुणालाच ओळखता आले नाही. दुसऱ्यात आपण त्या मुलींमध्ये बसलो आहोत, डबा हलताना पाहतो आहोत, आवाजाची वाट पाहतो आहोत आणि तो येत नाही. हा बदल मोठा आहे, कारण त्यामुळे कथा कुठून पाहायची ते ठरले. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर येताना मात्र काहीच ठरले नाही. ‘गप्प’चे ‘शांत’ झाले, ‘हलवला’चे ‘हलवून पाहिला’ झाले, ‘कसलाच’, ‘सगळ्या’, ‘एकदम’ हे तीन शब्द भरीस आले आणि वाक्य सैल पडले. त्यानंतरच्या रात्री म्हणजे दाणे न घालता जाते ओढणे आहे. माझी कसोटी अशी: बदल केल्यावर मला पात्राविषयी किंवा प्रसंगाविषयी आधी ठाऊक नसलेले काही कळले, तर तो बदल करीत राहावे, मग कितीही वेळ लागो. केवळ शब्द आलटून पालटून पुन्हा पहिल्याच शब्दावर येऊ लागलो, तर त्या वाक्यात आता पाहण्यासारखे काही उरलेले नाही असे समजून उठावे. तुमचे दुसरे वाक्य चांगले आहे. ते तुटक वाटते, कारण त्या क्षणी त्या मुलींचा श्वासही तुटक झाला असणार. ते तसेच ठेवा.

यापुढे एक गोष्ट विचारतो, आणि माझ्या दृष्टीने तुमचे अडणे इथेच आहे. त्या डब्यात काय होते? तुमच्या पत्रात दोन्ही घरे आहेत, धुरा आहे, तारखा आहेत, टिपऱ्या आहेत. डब्यात काय होते ते नाही. तुम्हांला ते ठाऊक असून तुम्ही सांगितले नसेल तर माझे बोलणे सोडून द्या. पण ते ठरलेच नसेल, तर पहिले वाक्य कधीच समाधान देणार नाही, कारण आवाज का आला नाही हे ते वाक्य लिहिणारीलाच माहीत नाही. शब्दांत दोष दिसत राहतो तेव्हा पुष्कळदा कथेत काहीतरी ठरायचे राहिलेले असते. शब्द बदलणे तुलनेने सोपे, म्हणून आपण तिथेच हात घालतो. मी स्वतः अशा वेळी त्या ओळीखाली रेघ मारतो आणि जे ठाऊक नाही ते साध्या प्रश्नाच्या रूपात समासात लिहून ठेवतो: हिला कुणी पाठवले? आईला माहीत आहे का? डबा कुणाच्या घरचा? मग कवितेकडे पाठ फिरवून त्या प्रश्नांची उत्तरे गद्यात, पत्र लिहावे तशी लिहितो. ती उत्तरे छापायची नसतात, त्यामुळे तिथे तपासणारा माणूस येत नाही.

आणखी एक, रोज बसल्यावर मी फक्त कालचे शेवटचे पान वाचतो, त्याच्या मागे जात नाही. माझ्यासारख्या सावकाश लिहिणाऱ्याला तेवढे एक बंधन पुरते.

अंगणवाडीताई, दारव्हा तालुका

तिघांचेही मनापासून आभार. लगेच उत्तर दिले नाही, कारण कविदादांचा प्रश्न घेऊन वही उघडायची होती. डब्यात काय होते ते खरोखरच ठरलेले नव्हते. डबा रिकामा असेल असे कुठेतरी मनात होते, कारण रिकामा डबा वाजत नाही आणि भांडण झालेल्या घरातून रिकामा डबा येणे जमण्यासारखे होते. त्या मुलीच्या आईला पत्र लिहावे तसे लिहीत गेले: तुम्ही तिला का पाठवले, कुणाला विचारून पाठवले. लिहिता लिहिता तिचे उत्तर आले की पाठवताना डबा अपुरा पडू नये, त्या घरच्या माणसांनाही पुरावा, म्हणून तिने शिरा अगदी झाकणापर्यंत दाबून भरला होता. काठोकाठ भरलेला डबाही वाजत नाही. मुली तो रिकामा समजून गप्प होतात, आणि त्या घरची बाई झाकण उघडते तेव्हा तिला कळते.

पहिल्या वाक्यात मला आता काही बदलावेसे वाटत नाही. शिक्षक सरांच्या सांगण्याप्रमाणे तिन्ही वाक्ये वहीत तशीच ठेवली आहेत. शेवटचा प्रसंग लिहून झाला आहे, मधला तारखेच्या दिवशीचा एसटीचा प्रसंग राहिला आहे. तो पुढे लिहीनच.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक म्हणजे संवाद वऱ्हाडीत आणि निवेदन प्रमाण मराठीत, असे चालते का? की एकाच कथेत दोन भाषा आल्या म्हणजे ती अशुद्ध ठरते? दुसरे, संवाद लिहिताना मी कधी ‘कोनं’ लिहिते, कधी ‘कोनी’, कधी ‘बलावलं’ तर कधी ‘बोलावलं’. हे एकसारखे करण्यासाठी पुन्हा पहिल्या पानावर जावे लागेल अशी धास्ती वाटते.

निवृत्त मराठी शिक्षक, अमरावती जिल्हा

शिऱ्याचा डबा वाचून आनंद झाला, ताई. रिकाम्या डब्याची कथा कुणीही लिहिली असती.

दोन्ही भाषा निश्चित चालतात, आणि याबाबत तुम्ही शुद्धलेखनाच्या नियमांनाही भिण्याचे कारण नाही. आज आपण जे नियम पाळतो ते मराठी साहित्य महामंडळाने तयार केले व १९६२ साली महाराष्ट्र शासनाने स्वीकारले. १९७२ साली त्यांत आणखी भर पडून ते १८ झाले. हे नियम शब्द कसा लिहावा हे सांगतात; तुमच्या पात्राने कोणत्या बोलीत बोलावे हे ठरवणे त्यांचे काम नव्हे. एवढेच काय, पात्राच्या तोंडचे बोलणे ‘असं केलं, मी म्हटलं’ असे उच्चाराप्रमाणे अनुस्वार देऊन लिहिण्याची मोकळीक त्याच नियमांत दिलेली आहे. ऱ्हस्व-दीर्घाची चूक निवेदनात असेल तर ती जरूर दुरुस्त करावी, तो वाचकाविषयीचा आदरच आहे. पण अशा चुका शेवटी एका बैठकीत निघतात, कुणा जाणत्याकडून काढूनही घेता येतात. त्यांच्यासाठी दुसरे पान अडवून ठेवू नये. ‘भाषा अशुद्ध’ असा शेरा देणाऱ्याने ऱ्हस्व-दीर्घ पाहिले की बोली पाहिली, हे त्याने सांगायला हवे होते. ते न सांगितल्यामुळे तुम्ही दोन्हींना एकच समजून इतकी वर्षे दोन्हींची भीती बाळगली, याचे मला फार वाईट वाटते.

विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३ साली झाली. लिहिणारे, वाचणारे आणि परीक्षण करणारे आपल्याकडे एवढ्या जुन्या काळापासून आहेत. वऱ्हाडी संवाद कानाला ओळखीचा वाटणारा वाचक तुम्हांला शोधत फिरावे लागणार नाही.

झाडीपट्टीचा नाटकवाला, वडसा

‘कोनं’ आणि ‘कोनी’ या प्रश्नाविषयी थोडे सांगतो, कारण झाडीबोलीत संवाद लिहिताना हेच रोज होते. पहिल्या पानावर आत्ता मुळीच जाऊ नका. वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर शब्द जसजसे येतील तसतसे लिहून ठेवा: ‘कोनं’ असा लिहिला, ‘कोनी’ असाही लिहिला, ‘बलावलं’, ‘बोलावलं’. निर्णय आत्ता घेऊ नका. कथा पूर्ण झाली की ते पान समोर ठेवून प्रत्येक शब्दाचे एक रूप ठरवा आणि मग सगळीकडे तेच करा. मात्र त्याआधी एक तपासा. म्हातारी आजी आणि शाळेत जाणारी मुलगी एकाच घरात असूनही एकसारखे बोलत नाहीत. आजी ‘बलावलं’ म्हणत असेल आणि मुलगी ‘बोलावलं’ म्हणत असेल, तर तो फरक राखून ठेवण्याजोगा आहे. एकसारखे करण्याच्या नादात तो पुसून टाकू नका.

दिवाळी अंकाला पाठवायचा विचार असेल तर लवकर पाठवा, कारण अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते आणि गणपतीनंतर आलेल्या कथेला सहसा जागा उरत नाही. यंदा जमले नाही तर पुढच्या वर्षी पाठवा, पण एसटीचा प्रसंग या महिन्यातच लिहून काढा. आणि कथेसोबतच्या पत्रात स्पष्ट लिहा की संवाद वऱ्हाडीत हेतुपूर्वक ठेवले आहेत, निवेदनातल्या चुका मुद्रितशोधकांनी अवश्य दुरुस्त कराव्यात, संवादांतील एखादे रूप बदलावेसे वाटल्यास मात्र आधी फोन करावा. पत्राच्या तळाशी तुमचा फोन नंबर लिहायला विसरू नका.